डोप टेस्टसाठी घोड्याची लघवी कशी घ्यावी

रेसकोर्सवर सँपलिंगची ड्यूटी पहिल्यांदाच लागलेल्या पशुवैद्यांसाठी हे लिहितोय. पुणे आणि महालक्ष्मी, दोन्हीकडे मी हे काम केलंय. इथे फक्त अफूच्या जातकुळीतल्या औषधांचं बोलतो: मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, ब्युटॉर्फनॉल, फेंटानिल. ही औषधं दुखणं मारतात. दुखरा पाय दुखेनासा झाला की घोडा तो जपत नाही, भर धावेत हाड मोडतं आणि जॉकीही खाली येतो. शिवाय मॉर्फिनने माणूस पेंगतो, घोडा मात्र मोठ्या डोसला पेटतो. बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या खोलीत, येरझारा, खुरांनी उकरणं, घामाने चिंब.

सुरुवात स्वतःपासून करा. खोकल्याचं कोडीनवालं औषध चालू असेल तर त्या दिवशी लघवीच्या भांड्याला हात लावू नका, दुसऱ्याला सांगा. घोडा बदलला की ग्लोव्ह्ज बदला. आणि खसखस! पुण्याचा सीझन संपून मुंबईचा सुरू होतो त्याच सुमारास दिवाळी येते. मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, डब्यात घरचे अनारसे असतात, एखादा लाडाने घोड्याच्या तोंडात जातो. खसखशीतून मॉर्फिन लघवीत उतरू शकतं. हसण्यावारी नेऊ नका. २०१४च्या अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आलेली, इंग्लंडच्या राणीची ‘एस्टिमेट’ ही घोडी मॉर्फिनमुळेच बाद झाली. कारण निघालं भेसळलेला खुराक. अशा अनवधानाच्या प्रकारांसाठीच लघवीतल्या मॉर्फिनला एका मिलीलीटरमागे ३० नॅनोग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठेवली आहे.

औषध नकळत घोड्याच्या पोटात जाण्याची दुसरी वाट कुणी तोंडावर बोलत नाही. तबेल्यातलं माणूस पाठदुखीसाठी ट्रामाडॉल घेतं, रात्री आळसाने बॉक्सच्याच कोपऱ्यात लघवी करतं, आणि घोडा तो पेंढा खातो. म्हणून सँपलिंग बॉक्समध्ये प्रत्येक घोड्यासाठी नवा पेंढा टाकून घ्या आणि मोतद्दाराला सरळ सांगा, “दादा, संडास तिकडे आहे.” राग येत नाही कुणाला.

जिंकलेला घोडा आणि स्टुअर्ड्सनी (शर्यतीच्या पंचांनी) सांगितलेला दुसरा एखादा, असे तुमच्याकडे येतील. घोड्याच्या कातडीखालची ओळखीची चिप स्कॅन करून पासपोर्टशी ताडून पाहा. मग त्याला फिरवा, अंग धुऊ द्या, पाणी द्या. बादली तुमची, धुतलेली. तबेल्यातून आणलेली बादली दारातच थांबवा. घोडा निवला की बॉक्समध्ये सोडा आणि गप्प राहा. बहुतेक घोडे ताज्या पेंढ्यावर आले की पाय फाकवतात. नाहीच केली तर मोतद्दाराला शीळ घालू द्या. तो रोज तीच शीळ घालतो, घोड्याला ती ओळखीची असते. तुमच्या शिळेने काहीही होणार नाही.

लांब दांड्याचं भांडं घेऊन डाव्या खांद्यामागे उभे राहा, ढुंगणामागे नव्हे. भांड्यात नवी पिशवी लावलेली असते, तिच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. धार सुरू झाल्याबरोबर भांडं पुढे खुपसलंत तर घोडा दचकून थांबतो, आणि मग पुन्हा तासभर वाट. दोन क्षण जाऊ द्या, मग खालून हळू सरकवा. लघवी गढूळ आणि तारेची दिसली तर घाबरू नका. घोड्याच्या लघवीत कॅल्शियम कार्बोनेट आणि चिकट स्राव असतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. तासाभरात काहीच मिळालं नाही तर मानेच्या शिरेतून रक्त घ्या. पण अफूवर्गासाठी लघवी बरी, तिच्यात औषधाचा माग जास्त काळ टिकतो.

बाटल्या दोन, ‘ए’ तपासणीसाठी आणि ‘बी’ फेरतपासणीसाठी राखून ठेवायची. मोतद्दारासमोर ओता, सील करा, सीलचा नंबर मोठ्याने वाचा, त्याला बघायला लावा, मग सही किंवा अंगठा घ्या. वाचता येत नसेल तर साक्षीला आणखी कुणी उभं करा. लगेच फ्रिजमध्ये, आणि पाठवताना बर्फाच्या पेटीत.

प्रयोगशाळेत मॉर्फिन ग्लुकुरोनाइडला, म्हणजे शरीराने त्याला जोडलेल्या साखरेसारख्या रेणूला, चिकटलेलं येतं, म्हणून आधी एन्झाइमने ते सुटं करतात, मग मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासतात. संशय आला की त्याच बाटलीतला दुसरा भाग नव्याने काढून, प्रमाणित नमुन्याशी ताडून खात्री करतात. पण यंत्र शोधतं ते सांगितलेलंच. २०१२ साली अमेरिकेत लुइझियाना, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिकोतल्या तीसहून जास्त घोड्यांत डर्मॉर्फिन सापडलं, दक्षिण अमेरिकेतल्या एका बेडकाच्या कातडीतलं पेप्टाइड, मॉर्फिनपेक्षा कैक पटींनी जहाल. कोलोरॅडोच्या एका प्रयोगशाळेने चाचणीची पद्धत बदलली, तेव्हा कुठे ते हाती लागलं. त्याआधी ते नेहमीच्या चाचणीतून निसटत होतं. म्हणून घोड्याचं वागणं विचित्र वाटलं तर फॉर्मवर लिहा: डोळ्यांच्या बाहुल्या, घाम, पाय आपटणं, किती वाजता. ‘काही विशेष नाही’ असं आपोआप लिहू नका.

शेवटी ट्रेनरने दिलेली औषधांची यादी. ब्युटॉर्फनॉल हे इलाजाचं औषध आहे, शिंगरू असो वा घोडा, पोटशुळात आपणच ते देतो. शेवटचा डोस कधी दिला, ही तारीख ट्रेनरच्या सहीने तिथल्या तिथे घ्या. पॉझिटिव्ह आल्यावर मागे तारखा आठवायला लावलं की तबेल्यातल्या प्रत्येकाची आठवण निराळी निघते. ‘बी’ बाटलीचं सील मात्र, कोणी कितीही मोठा माणूस फोन करो, परवानगीच्या कागदाशिवाय उघडायचं नाही.