घाटाखालच्या शाळेचा इतिहास लिहायला घेताय?

गगनबावडा नाहीतर फोंडा उतरून कोल्हापूरचं पोरगं किनाऱ्यावरच्या माध्यमिक शाळेत रुजू होतं, आणि दोन-तीन वर्षांत शाळेचा सुवर्णमहोत्सव निघतो. "सर, तुमचं मराठी चांगलं आहे, स्मरणिकेत शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा." सुटका नसते. जनरल रजिस्टर म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, लॉगबुक म्हणजे शेऱ्यांची वही, किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही; बाकी त्या कशा भरतात ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितोय.

आधी एक ताकीद. जुनी रौप्यमहोत्सवी स्मरणिका समोर ठेवून लिहायला बसू नका. तिच्यातली चूक पंचवीस वर्षं कुणी खोडली नाही, एवढ्यावरच ती खरी ठरलेली असते. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून तारखा गोळा करणं त्याहून वाईट. फोटो मागा, टोपणनावं मागा, तारखा मागू नका.

दुसरी ताकीद खास आपल्या कोल्हापूरकरांना. आपल्या हातून पहिल्याच परिच्छेदात शाहू महाराज येतात. महाराजांचा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा 1917 चा, करवीर संस्थानापुरता आणि प्राथमिक शिक्षणाचा. मालवण तर 1812 च्या तहातच करवीरकडून इंग्रजांकडे गेलं होतं. मालवण, देवगड, वेंगुर्ला हा पट्टा ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यातला, सावंतवाडी वेगळं संस्थान. 1981 पर्यंत सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, त्यामुळे "1965 साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात शाळा सुरू झाली" हे वाक्यही छापू नका.

आता खरा खड्डा. यात भलेभले पडतात, म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या रजिस्टरमध्ये 'इयत्ता' या रकान्यात 'इं. 4 थी' असं दिसतं. नवखा माणूस लिहून मोकळा होतो : 'शाळेत सुरुवातीला चौथीचा वर्ग होता.' नव्हता! मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली सुरू व्हायची, ती सातवीपर्यंत, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. म्हणजे इंग्रजी इयत्तेत 4 मिळवा : इं. 1 ली म्हणजे पाचवी, इं. 4 थी म्हणजे आठवी, इं. 7 वी म्हणजे अकरावी. शिवाय काही मुलं मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल करून मग इंग्रजी शाळेत खालच्या वर्गात बसायची. म्हणून इं. 2 री मध्ये पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिसला तर तो नापास होत आला असं समजू नका.

मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. 1949 पासून तिच्या जागी एस.एस.सी. आली, तरी लोकांच्या तोंडी 'मॅट्रिक' पुढं कित्येक वर्षं राहिलं. आजोबा "मी 60 साली मॅट्रिक झालो" म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. तुम्ही मात्र एस.एस.सी. लिहा.

पहिली बॅच स्वतः मोजून काढा. जून 1966 ला आठवी सुरू झाली आणि दरवर्षी एक वर्ग चढला, तर अकरावीची पहिली तुकडी मार्च 1970 ला बसते, 1969 ला नाही. मग येतं 1975. त्या वर्षी जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची, अशा दोन्ही तुकड्या एस.एस.सी.ला बसल्या. जून 1971 ला आठवीत गेलेली मुलं अकरावीतून, जून 1972 ला गेलेली दहावीतून. निकालपत्रकात त्या एकाच साली संख्या फुगते आणि पुढच्या जूनला शाळेचा पट एका वर्गाने उतरतो. हे न कळल्यामुळे कुठे 'शाळेच्या भरभराटीचं वर्ष' छापलं जातं, कुठे 'उतरती कळा'. दोन्ही चूक.

स्थापनेची तारीख हाही याच खड्ड्याचा एक कोपरा. संस्थेचा ठराव, वर्ग भरला तो दिवस, मान्यतेचं पत्र आणि पहिलं अनुदान, या चारांत दोन-तीन वर्षांचं अंतर पडू शकतं. चारही तारखा द्या आणि स्थापना कुठली धरली ते सांगा. वर्ग कधी भरला हे रजिस्टरच्या अनुक्रमांक 1 समोर कळतं. पण आधी अक्षर बघा. दहा वर्षांच्या नोंदी एकाच वळणात, एकाच शाईत असतील तर ते रजिस्टर मागाहून उतरवलेलं आहे. मूळ प्रत भिजली, फाटली, म्हणून कुणीतरी बसून नक्कल केली. अशा वेळी किर्दीतली पहिली फी जमा शोधा. पैशाची नोंद सहसा त्याच दिवशी होते.

घाबरू नका, एवढं झालं की बाकीचं सोपं आहे आणि गोडही.

हजेरीपट वाचताना समुद्र डोळ्यांसमोर ठेवा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. मग होड्या सुटल्या की कोळीवाड्यातल्या मोठ्या मुलांच्या नावापुढे फुल्या वाढतात का ते तपासा. गौरी-गणपती आणि शिमगा तर पटावर दिसणारच. खाडीपलीकडून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, येणारी मुलं उशिरा का यायची याचं उत्तर लॉगबुकात नाही, भरती-ओहोटीत आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पंधरवड्याने पुन्हा जवळपास तिथेच येते. ऐन ओहोटीत ही होडी धक्क्याला लागत नाही, मुलं चिखल तुडवत येतात. उशिराचे शेरे पंधरवड्याच्या अंतराने दिसले तर कारण तेच.

संस्थेचं इतिवृत्त गावात सापडलं नाही तर मुंबईत शोधा. किनाऱ्यावरच्या कितीतरी शाळा मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळांनी उभ्या केल्या. त्यांच्या सभा लालबाग-परळच्या खोल्यांत भरायच्या, आणि वह्या तिथेच कुणाच्या तरी माळ्यावर असतात. मान्यतेच्या कागदांसाठी मात्र घरी याल तेव्हा चौकशी करा, रत्नागिरी-सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या शिक्षण उपसंचालकांकडेच येतात. बोर्डाचं तसं नाही. काही काळ तिथल्या शाळा कोल्हापूर विभागीय मंडळाकडे होत्या, आता कोकण मंडळ रत्नागिरीला आहे.

आणि मार्गदर्शक? निवृत्त मुख्याध्यापक भाषण देतात. निवृत्त लेखनिक किंवा शिपाई कपाट कुठलं ते सांगतात. आधी दुसऱ्याकडे जा, चहा घेऊन जा.

कागदाचं काम मार्च-एप्रिलमध्येच उरका. पावसाळ्यात खारी दमट हवा पानं एकमेकांना चिकटवते. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, उन्हात तर अजिबात ठेवायची नाहीत. सावलीत पंख्याखाली, मध्ये टीपकागद घालून सुकू द्या. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. टेपचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो आणि लॅमिनेशन पुन्हा उलगडता येत नाही. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पान सपाट करून काढा. प्रत्येक फोटोत पान क्रमांक आलाच पाहिजे. रजिस्टर परत ठेवताना जांभ्याच्या भिंतीपासून चार बोटं लांब, आणि खालच्या फळीवर नाही. वाळवी खालूनच चढते.