रहस्यकादंबरी एका बैठकीत कशी वाचावी

वेगवान गुन्हेकथा आठवडाभर पुरवून वाचायची नसते. तुकड्यातुकड्यांनी वाचली की कोण कुणाला कुठे भेटलं हेच विसरायला होतं, आणि सगळा खेळ तर तिथेच असतो. म्हणून आधी दोनशे पानांच्या आसपासचीच निवडा. तासाला चाळीस पानं धरली तर पाच तास. रविवारची दुपार पुरते.

पुस्तकासाठी आपल्या बडोद्यात मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय आहेच. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि त्यांच्याकडून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन तिथे काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. कुठलंही पुस्तक उचललं की उभ्याउभ्याच दोन पानं वाचा. तिसरं आपसूक उलटलं, तर घरी न्या. मलपृष्ठ वाचू नका, अर्धं गुपित तिथेच सांडलेलं असतं. (मित्राकडून आणलेल्या एका प्रतीत कुणा सज्जनाने बाराव्या पानावरच पेन्सिलीने ‘हाच तो’ लिहून ठेवलं होतं!)

घरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. लीलो चेवडो, म्हणजे इथला ओलसर चिवडा, हवाच असेल तर चमच्याने खा; पुस्तक परत करायचंय.

खुणेसाठी एक कोरी चिठ्ठी घ्या, तिच्यावर पात्रांची नावं लिहीत जा. आता खरी गंमत. कामाची वस्तू लेखक गर्दीत लपवतो: टेबलावर चष्मा, अडकित्ता, औषधाची बाटली, कालचा पेपर, आणि लगेच दार वाजतं. आपण दाराकडे बघतो, बाटली राहून जाते. तेव्हा यादी आली आणि पाठोपाठ गडबड उडाली, की यादी पुन्हा वाचा. तेवढ्यापुरता वेग मोडला तरी चालेल. उठावंच लागलं तर प्रकरणाच्या मध्येच उठा. शेवटी थांबायचं म्हणाल तर तो शेवट तुम्हाला उठू देणार नाही, त्यासाठीच तो लिहिलेला असतो.

दीडशेव्या पानाशी थांबून चिठ्ठीच्या मागे आपला संशयित लिहा आणि घडी घाला. खोडाखोड नाही.

पुस्तक संपलं की लगेच मिटू नका. पहिलं प्रकरण परत वाचा. खुनी तिथे चहा पीत बसलेला असतो, चक्क बोलतही असतो. दुपारी आपण त्याला ओलांडून गेलो होतो. मग चिठ्ठी उघडा. माझ्या चिठ्ठीवर बहुतेकदा डॉक्टर असतो. बिचारा दरवेळी निर्दोष सुटतो.