बिअर १.०२० वर अडकलीये? आधी यीस्ट का मॅश ते ठरवा

हिवाळा आला की इकडे इंग्लंडात गराजमध्ये ठेवलेली घरची बिटर (इंग्लिश एल बिअर) हमखास अडकते, म्हणजे आंबणं मध्येच थांबतं. घनतेचा आकडा (पाण्याचा १.०००, साखर संपते तसा उतरतो) १.०५० वरून मस्त खाली येत असतो आणि १.०२० ला जो बसतो तो बसतोच. मग लोक घाईघाईने यीस्टचं अजून एक पाकीट टाकतात. प्लीज नका टाकू. ऑल-ग्रेनमध्ये (तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून बिअर करताना) गडबड यीस्टची असते तशी मॅशचीही असते (मॅश म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं), आणि मॅशची असेल तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पहिलं म्हणजे आकडा खरा आहे का ते बघा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) असेल तर बाजूला ठेवा, अल्कोहोल झालं की तो चुकीचंच दाखवतो, १.०१२ ला पोचलेली बिअरपण १.०२५ च्या आसपास दिसते. हायड्रोमीटर (तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) घ्या, सॅम्पल हलवून गॅस काढा नाहीतर बुडबुडे चिकटून तो वर उचलला जातो. यीस्ट विंडसर जातीचं असेल तर ते माल्टोट्रायोज (माल्टमधली एक साखर) खातच नाही, १.०१६-१.०१८ ला थांबणं हे त्याच्यासाठी नॉर्मल आहे.

आता खरी टेस्ट. सॅनिटाइझ केलेल्या बरणीत साधारण २०० मिली बिअर काढायची, त्यात २-३ ग्रॅम ताजं ड्राय एल यीस्ट टाकायचं (एवढ्याशा बिअरला ते भरपूर जास्त आहे, मुद्दामच), वरून फॉइल लावून घरात २४-२५ डिग्रीला ठेवायची आणि येता-जाता हलवत राहायची. २-३ दिवसांनी मोजा.

आकडा खाली गेला म्हणजे साखर शिल्लक होती, यीस्टच थंडीने झोपलंय. इंग्लिश यीस्ट गारठलं की पटकन तळाला बसतं. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) २०-२१ डिग्रीला आणा, झाकण न उघडता हळूच गोल फिरवून गाळ उठवा, पण खळखळवू नका, आता ऑक्सिजन गेला तर चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. ३-४ दिवसांत हलली नाही तर छोटा स्टार्टर (थोड्या गोड माल्ट-पाण्यात आधीच जागं केलेलं यीस्ट) बनवा आणि त्याला फेस आलेला असतानाच ओता, कोरडं यीस्ट अल्कोहोलमध्ये पडलं की बऱ्याचदा दमच धरत नाही.

आकडा तिथेच राहिला तर मॅश गरम झाला होता. ७० डिग्रीच्या वर बीटा अमायलेज (स्टार्चची साखर करणारं एन्झाइम) फार टिकत नाही, मग उरतात ते डेक्स्ट्रिन (स्टार्चचे मोठे तुकडे) आणि ते यीस्ट खात नाही. ग्लुकोअमायलेज (डेक्स्ट्रिन तोडणारं एन्झाइम) घालून आकडा खाली आणता येतो पण ते कुठे थांबायचं ते जाणत नाही, बिअर पार पातळ, कोरडी होऊन जाते. मी तर म्हणेन चव बरी असेल तर आहे तशी प्या, आणि पुढच्या वेळी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात तपासून मॅश ६५-६६ ला ठेवा, धान्याच्या गुठळ्या नीट फोडा.

आणि हो, सलग ३ दिवस आकडा तोच आल्याशिवाय बाटल्या भरू नका, काच फुटली तर डोळ्यावर बेततं. एक बाटली प्लास्टिकची भरा, ती दाबून बघत जा, दगडासारखी झाली की बाकीच्या सगळ्या लगेच फ्रीजमध्ये.