गावातले वीरगळ वाचायचे कसे, राखायचे कसे

वाई-सातारा पट्ट्यात देवळामागं, पाराखाली, पाणवठ्याजवळ एखादा कोरीव दगड नाही असं गाव विरळाच. बहुधा तो वीरगळ असतो, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. कुणी त्याला म्हसोबा म्हणून शेंदूर लावतं, कुणी त्यावर धुणं धुतं. जीर्णोद्धाराचा जेसीबी गावात यायच्या आधी त्यांची नोंद करून ठेवा, असं मी कळकळीनं सांगते.

आधी नजर बसावी म्हणून चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याच्या किकली गावाला जाऊन या. भैरवनाथाच्या आवारात बरेच वीरगळ एका जागी बघायला मिळतात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या कप्प्यात वीर लढताना किंवा आडवा पडलेला असतो. तिथं गाई कोरल्या असतील, तर गोधन राखताना तो पडला असं समजायचं. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वरच्यात तो शिवलिंगापुढं हात जोडून बसतो. माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. नाव बहुधा कुठंच नसतं. म्हणून ढाल गोल की लांबट, केसांचा अंबाडा कुठल्या बाजूला, घोडा आहे का, हे निरखून बघा. त्या माणसाची तेवढीच ओळख आता उरलीय. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा.

भर दुपारी कोरीवकाम सपाट दिसतं. कोवळ्या उन्हात जा, नाहीतर अंधार पडल्यावर बॅटरी एका बाजूनं तिरकी धरा. झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात. दगडाला मेजरटेप लावून फोटो काढा. जागा, उंची-रुंदी, तोंड कुठल्या दिशेला, सगळं वहीत लिहा.

मग गुरवाकडं, म्हाताऱ्या माणसांकडं जा. ‘इतिहास सांगा’ म्हटलं की माणसं गप्प होतात. ‘आजी, ह्या देवाला निवद कधी असतो? हा आधीपासून इथंच हाय का?’ असं विचारा. दगड कुठल्या शेतातून आणला, ते तिथंच कळतं.

शेवाळ साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशानं काढा. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट अजिबात नको. अक्षरांत खडू किंवा रंग भरू नका. पूजेतला शेंदूर खरवडू नका. गावाचं मन दुखतं आणि कोरीवकामही निघतं. दगडावर कोरलेला लेख सापडला तर त्याचा फोटो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडं पाठवा.

यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. देवळाचं काम निघालंच, तर दगड भिंतीत किंवा सिमेंटात बसवू देऊ नका. आवारातच कोरड्या चौथऱ्यावर, पुढची-मागची बाजू दिसेल असे उभे करा.