अमेरिकेतल्या मालगाडीच्या टँकरवर लिहिलेलं वाचायचं कसं

इकडे फाटक पडलं की मालगाडी संपता संपत नाही, आणि मधेच काळ्या-पांढऱ्या टाक्यांची रांग येते. त्यावरचं लिखाण बहुतेकांना कंपनीची जाहिरात वाटते पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक अक्षर कामाचं असतं. टाकीच्या रंगावर मात्र अजिबात जाऊ नका, आत काय आहे ते रंग सांगत नाही.

पहिली नजर पत्त्यातल्या चौकटसारख्या, टोकावर उभ्या चौकोनी पाटीकडे टाका, तिला प्लॅकार्ड म्हणतात. दोन्ही बाजूंना आणि दोन्ही टोकांना मिळून चार असतात, म्हणजे कुठूनही बघितलं तरी एक दिसायलाच हवी. लाल म्हणजे पेट घेणारं, पिवळी म्हणजे ऑक्सिडायझर (आग भडकवणारं), वर पांढरी खाली काळी म्हणजे ॲसिड-कॉस्टिकसारखं अंग जाळणारं, पांढऱ्यावर कवटी म्हणजे विषारी. मधला चार आकडी नंबर सगळ्यात महत्त्वाचा, १२६७ म्हणजे क्रूड (कच्चं तेल), १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. खालच्या कोपऱ्यातला आकडा धोक्याचा वर्ग, ३ म्हणजे पेटणारा द्रव, ८ म्हणजे करोझिव्ह, तेच अंग जाळणारं.

हिरव्या पाटीला फसू नका बरं का. अमोनिया, नंबर १००५, अमेरिकेत देशांतर्गत वाहतुकीत हिरव्या न पेटणाऱ्या गॅसच्या पाटीवरच जातो, पण त्याच टाकीवर मोठ्या अक्षरात ‘इनहेलेशन हॅझर्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे श्वासात गेला तर जिवावर बेतेल. अशा मालाचं नावसुद्धा टाकीच्या दोन्ही बाजूंना रंगवावं लागतं. आणि टाकी रिकामी केली म्हणून पाटी काढत नाहीत, आतून साफ होईपर्यंत तशीच राहते, कारण तळाला उरलेलं आणि आतली वाफ पण धोक्याचीच.

आता डाव्या हाताची मोठी अक्षरं, जीएटीएक्स, यूटीएलएक्स वगैरे, आणि पुढे नंबर. ही डब्याची नंबरप्लेट समजा. शेवटी एक्स असला की डबा रेल्वे कंपनीचा नाही, भाड्याने देणाऱ्याचा किंवा केमिकलवाल्याचा. फायर ब्रिगेडवाले याच नंबरवरून आस्करेल नावाच्या ॲपमध्ये आत काय आहे ते काढतात, त्यामुळे प्लॅकार्ड जळालं तरी हा नंबर वाचता आला तर फार मदत होते. २०२३ च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईनला गाडी घसरली तेव्हा आगीत पाट्या जळून गेल्या होत्याच.

खरी मजा उजव्या बाजूच्या बारीक अक्षरांत आहे, मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती इथेच. उदाहरणार्थ डीओटी-१११-ए-१००-डब्ल्यू-१. डीओटी म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं, १११ हा टाकीचा प्रकार, साधी म्हणजे प्रेशर नसलेली टाकी, १०० हे टेस्ट प्रेशर, पौंड प्रति चौरस इंचात (एवढ्यावर फुटते असा अर्थ काढू नका), डब्ल्यू म्हणजे वेल्डिंग केलेली, आणि शेवटचा आकडा व्हॉल्व्ह-फिटिंगची रचना वगैरे सांगतो. मधलं अक्षर बघायला विसरू नका, ए असेल तर टोकाला ढाल नाही, एस असेल तर ढाल आहे, जे असेल तर ढाल आणि वरून पत्र्याच्या आवरणाखाली उष्णतेपासून संरक्षण, टी असेल तर ते संरक्षण फवारून दिलेलं. एलपीजीच्या टाकीवर ११२-जे-३४०-डब्ल्यू दिसेल, म्हणजे टेस्ट प्रेशर तिपटीहून जास्त.

हे का बघायचं तर जुलै २०१३ मध्ये कॅनडातल्या लाक-मेगँटिकला क्रूडची गाडी उतारावरून आपोआप सुटली, ४७ माणसं गेली, आणि त्या टाक्या याच १११ जातीच्या होत्या. त्यानंतर २०१५ मध्ये ११७ नावाची जाड पत्र्याची टाकी आली, ११७-जे म्हणजे नवीन बांधलेली, ११७-आर म्हणजे जुनीच सुधारून घेतलेली.

त्याच भागात एक तक्ता असतो, टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह, अस्तर यांची तपासणी कुठे आणि कोणत्या वर्षी झाली, पुढची कधी. आपल्या भारतातल्या पेट्रोल-डिझेलच्या टाकी वॅगनवर बीटीपीएन लिहितात त्याची पद्धत वेगळी, तिथे ही अक्षरं लावत बसू नका.

वाचायला रुळावर जायचं नाही, ती खासगी हद्द असते, फोनचा झूम पुरतो. प्लॅकार्डवरचा चार आकडी नंबर मिळाला की इमर्जन्सी रिस्पॉन्स गाईडबुकची पीडीएफ फुकट मिळते, पिवळ्या पानांत नंबर शोधा, तिथून नारिंगी पानावर काय करायचं ते, आणि श्वासातून विषारी ठरणाऱ्या मालासाठी हिरव्या पानांत किती लांब थांबायचं ते. गळती किंवा वास आला तर मात्र वाचत थांबू नका, वाऱ्याच्या उलट दिशेने लांब जा, ९११ लावा. नुसता डबा फाटकावर अडकला असेल तर तिथल्या निळ्या पाटीवर रेल्वेचा इमर्जन्सी नंबर आणि त्या फाटकाचा स्वतःचा नंबर असतो, दोन्ही सांगा.