आंबोलीत उडता बेडूक पाहताना या चुका टाळा

पावसाळ्यात मलबारी उडता बेडूक पाहण्यासाठी आंबोलीला जाणारे बहुतेक जण रात्री डबक्याच्या काठी वाकून टॉर्च फिरवत बसतात आणि रिकाम्या हाताने परततात. हा बेडूक झाडावर राहणारा आहे. पाण्यापाशी तो विणीपुरताच येतो आणि तेव्हाही पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवरच थांबतो, म्हणून टॉर्च वर धरावा. दिवसा त्याला शोधणे आणखी कठीण असते, कारण पाय अंगाशी आवळून तो पानाला चिकटून बसतो आणि बोटांमधले नारिंगी-तांबडे पडदे पूर्ण झाकले जातात.

‘उडता’ या नावानेही फसगत होते. सुमारे 10 सेंटीमीटरचा हा प्राणी उंचावरून झेप घेऊन पडदे ताणतो आणि 9 ते 12 मीटरपर्यंत तरंगत जातो, एवढेच. त्या एका फोटोसाठी फांदी हलवून त्याला उडवणे हा मला शुद्ध आडदांडपणा वाटतो. त्याला हातात घेणेही टाळावे. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि आपल्या हाताला बहुधा डास पळवणारे मलम लागलेले असते.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र स्थानिक घरांतून होते. विहिरीवरच्या किंवा टाकीवरच्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला, की कीड समजून तो काठीने पाडला जातो. प्रत्यक्षात ते घरटे असते: मादी अंगातून सोडलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते, त्यात अंडी घालते आणि भोवतालची पाने त्याला चिकटतात. वरचा थर सुकला तरी आत ओल टिकते, आणि पुढे फेस विरघळला की पिल्ले थेट खालच्या पाण्यात टपकतात. म्हणूनच घरटे उचलून ‘सुरक्षित’ जागी, म्हणजे कोरड्या जमिनीवर, ठेवणे ही दया जीवघेणी ठरते. फांदी तुटलीच असेल, तर ती घरट्यासकट त्याच पाण्यावर पुन्हा बांधावी आणि पिल्ले असेपर्यंत त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकू नये.

न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला तपकिरी बेडूक हा नव्हे. तो बहुधा चुनाम झाडबेडूक असतो. तोही फेसाचेच घरटे करतो, त्यामुळे टाकीच्या आतल्या भिंतीवरचा फेस घासण्यापूर्वी जरा निरखून पाहावे.