हिऱ्याचा कठीणपणा आणि मोत्यांची जपणूक

हिऱ्याला काहीच होत नाही, असा समज नागपूरच्या इतवारीतील सराफा बाजारात दागिने घेणाऱ्या अनेकांचा असतो; परंतु खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 अंकांत दाखवणाऱ्या मोहस मापनश्रेणीवरील हिऱ्याचा 10 हा अंक केवळ ओरखड्याला होणारा विरोध दाखवतो, आघात सोसण्याची शक्ती नव्हे, आणि ठरावीक दिशेने बसलेल्या फटक्याने हिऱ्याचाही टवका उडू शकतो. म्हणून अंगठी घालून खलबत्त्यात कुटणे टाळावे.

मोत्यांची काळजी मात्र मला अधिक वाटते. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे घाम, अत्तर आणि लिंबाचा रस यांनी त्याची झळाळी उतरते, तर तीव्र कोरड्या उष्णतेने त्याला तडे जाऊ शकतात. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा लग्नाहून परतताना नथ किंवा तन्मणी बंद गाडीत मुळीच ठेवू नये. असे दागिने अत्तर लावून झाल्यावर, सर्वांत शेवटी घालावेत आणि उतरवल्यावर मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसून, वाळल्यावर सुती फडक्यात वेगळे गुंडाळावेत.

22 कॅरट सोने टूथपेस्टने घासू नये, कारण तिच्यातील कणांमुळे त्यावर ओरखडे पडतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.